त्याच गुडघ्यात परत पाणी का होतं?

सांगलीकडच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सव्वाचार वर्षांची. जूनमध्ये डावा गुडघा सुजला, पण दुखतंय असं ती कधी म्हणाली नाही. सकाळी उठल्यावर अर्धा तास लंगडायची, मग पळायला मोकळी. गुडघ्यातलं पाणी काढून आत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पाण्याच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४,०००, जंतू नाहीत. निदान जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह. चार महिने गुडघा झकास होता. मग तोच गुडघा पुन्हा सुजला, सोबत उजवा घोटाही. पुन्हा इंजेक्शन, आणि या वेळी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू झालं. त्यांना कळत नाही ते हे: पोरीची प्रतिकारशक्ती जास्त झालीय की कमी? पाण्याबरोबर पेशी निघून गेल्या होत्या, तर परत कुठून आल्या, आणि नेमक्या त्याच गुडघ्यात कशा? सूज उतरलीय तर औषध वर्षभर कशाला? आजी म्हणते तसा गुळवेलीचा काढा द्यावा का? आणि बालवाडीत तिला पळू द्यायचं का?

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथे झालाय.

निरोगी सांध्यातलं वंगण फिकट, पारदर्शक आणि चिकट असतं. सुईच्या टोकाला थेंब लोंबू दिला की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी त्याची तार निघते. तुमच्या मुलीसारख्या गुडघ्यातलं पाणी तार धरत नाही, नळाखालच्या थेंबासारखं टपकन पडतं. काचेच्या नळीत घेऊन मागे वर्तमानपत्र धरलं तर निरोगी वंगणातून अक्षरं वाचता येतात, या पाण्यातून ती धूसर दिसतात. तार तुटते कारण वंगणाला चिकटपणा देणारं हायलुरोनिक आम्ल पातळ झालेलं आणि तुटलेलं असतं. धूसरपणा पेशींचा. निरोगी सांध्यात एका घनमिलिमीटरमध्ये दोनशेच्या आत पांढऱ्या पेशी असतात, तुमच्या मुलीच्या १४,००० निघाल्या. जंतूंनी सांधा पिकतो तेव्हा हा आकडा बरेचदा ५०,०००च्या वर जातो. पण नुसत्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही, म्हणूनच जंतूंची तपासणी वेगळी केली.

आता या १४,००० पेशींना गुन्हेगार समजू नका. त्यांतल्या बऱ्याचशा न्यूट्रोफिल असतात, म्हणजे हाक आली की धावत येणाऱ्या, फार तर काही दिवस जगणाऱ्या. त्या पाण्यात सापडतात म्हणून मोजल्या जातात. त्यांना हाक मारणाऱ्या पेशी मात्र पाण्यात कमी आणि सांध्याच्या अस्तरात जास्त असतात. जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. पाणी म्हणजे अंगण आणि अस्तर म्हणजे माजघर. सिरिंजने आपण अंगण झाडून काढलं. माजघरात बसलेली मंडळी जागची हलली नाहीत.

हे अस्तर एरवी फार तलम असतं, एक ते तीन पेशींच्या जाडीचं. त्यात दोन प्रकारचे रहिवासी. एक मॅक्रोफेज जातीचे, यांचं काम झाडलोट. दुसरे फायब्रोब्लास्ट जातीचे, हे वंगण तयार करतात. जेआयएमध्ये हे अस्तर फुगतं, त्याला बोटांसारखे कोंब फुटतात आणि त्यांना रक्त पुरवायला नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. गुडघ्याची डॉपलर सोनोग्राफी करताना पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकतात, ते या वाहिन्यांतलं रक्त. एखादे वडील मला विचारतात, “हा लाल ठिपका म्हणजे जंतू का?” जंतू नाहीत, पण पेशींना आत यायचा रस्ता तोच.

या रस्त्याने टी पेशी, म्हणजे आपलं-परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात, आणि तुमच्या मुलीच्या प्रकारच्या संधिवातात, म्हणजे चारापर्यंत सांधे धरणाऱ्या प्रकारात, सगळ्यात जास्त संशय यांच्यावर आहे. सांध्यात सापडणाऱ्या टी पेशी नवशिक्या नसतात. जवळजवळ सगळ्या ‘स्मृती’ टी पेशी असतात, म्हणजे पूर्वी कुठेतरी काहीतरी ओळखून तयार झालेल्या. त्यांनी नेमकं काय ओळखलं हे अजून कोणाला पक्कं सांगता आलेलं नाही. एचएलएचे काही प्रकार या मुलांत जास्त आढळतात, आणि एचएलए म्हणजे टी पेशींपुढे ‘हे बघ, हे कोण आहे’ असं ताट धरणारं रेणूंचं कुटुंब. त्यामुळे टी पेशींची ओळखीत गल्लत होते असा तर्क आहे, आणि मला तो पटतो. पण ते ताटातलं काय, हे सापडलेलं नाही.

या टी पेशी दोन संदेश जास्त पाठवतात: इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-१७. ते ऐकून मॅक्रोफेज टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ हे सूज वाढवणारे संदेश सोडायला लागतात. हे तिन्ही ऐकून अस्तरातले फायब्रोब्लास्ट वंगण बनवायचं काम सोडून कूर्चा विरघळवणारी विकरं बनवतात, आणि वर आणखी पेशींना बोलावणं धाडतात. आयएल-१७ न्यूट्रोफिलना आमंत्रण देतं. बोलावलेल्या पेशी येऊन पुन्हा तेच संदेश सोडतात. म्हणजे आता सुरुवात कोणी केली हे महत्त्वाचं राहत नाही. एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवत गेलेली ही सभा आहे.

सकाळचं लंगडणंही यातलंच. आयएल-६ चं प्रमाण रात्री उशिरा ते पहाटे वाढतं, आणि झोपेत सांधा न हलल्याने पाणी आणि सूज तिथेच साचून राहतात. पोर उठून थोडं चाललं की मोकळं होतं. दुखतंय असं न सांगता पाय जपून टाकणं ही चार वर्षांच्या मुलाची दुखतंय म्हणायची पद्धत आहे. कित्येक घरांत त्याला नाटक समजून दोन-तीन महिने जातात.

तर प्रतिकारशक्ती जास्त की कमी, हा प्रश्नच मला बाजूला ठेवावासा वाटतो. मोजमापाचा मामला असता तर सांध्याच्या पाण्यात नियामक टी पेशी कमी सापडायला हव्या होत्या. या पेशींचं काम इतर टी पेशींना आवरायचं, दटावायचं. रक्तातल्या सीडी४ जातीच्या टी पेशींपैकी त्या साधारण ५ ते १० टक्के असतात. जेआयएच्या सांध्यातल्या पाण्यात मात्र त्यांचं प्रमाण रक्तापेक्षा बरंच जास्त निघतं. म्हणजे भांडण जिथे पेटलंय तिथे पोलीस भरपूर, तरी भांडण चालूच! नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं. त्यांना दिसलं ते असं की सांध्यातले नियामक बहुतेक ठीक असतात, दटावतातही, पण समोरच्या टी पेशी ऐकेनाशा झालेल्या असतात. आयएल-६ आणि टीएनएफच्या सतत माऱ्याने त्या पेशींच्या आतली एक कळ कायम दाबलेली राहते, आणि मग दटावणं त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. मुलांच्या संधिवाताबद्दल गेल्या वीसेक वर्षांत जे कळलं त्यातली मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण टीएनएफ किंवा आयएल-६ अडवणारी औषधं का चालतात हे तिच्यातून नीट समजतं. ती औषधं आवाज खाली आणतात, मग नियामकांचं पुन्हा ऐकू यायला लागतं. ज्या मुलांच्या सांध्यात नियामकांचं पारडं जड, त्यांचा आजार थोड्या सांध्यांपुरता राहतो, आणि ज्यांच्यात आयएल-१७ वाल्यांचं जड, त्यांचा पसरायचा कल असतो, असंही दिसलेलं आहे. पण हे प्रयोगशाळेतलं चित्र झालं. एखाद्या मुलाचं पुढे काय होईल हे त्यावरून ओपीडीत बसून सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर जरा जपून ऐका.

आता ‘तोच गुडघा’.

मी नवीन असताना एका मुलाचं औषध लवकर थांबवलं होतं. तीन महिन्यांत गुडघा मोकळा झाला, घरच्यांनी आग्रह धरला, आणि मलाही तो पटला. आठ महिन्यांनी आई त्याला घेऊन आली आणि टेबलावर बसवायच्या आधीच म्हणाली, “डॉक्टर, तोच गुडघा. दुसरा का नाही?” माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे. अस्तरातल्या काही स्मृती टी पेशी रक्तात परत जातच नाहीत, तिथेच घर करून राहतात. सूज ओसरली तरी त्या अस्तरात पडून असतात आणि पुन्हा काही निमित्त झालं की गजर करतात. एकाच मुलाच्या दोन सांध्यांतल्या, आणि वर्षांच्या अंतराने काढलेल्या पाण्यातल्या टी पेशींची कुळं तपासली तेव्हा पुन्हा पुन्हा तीच कुळं सापडली. नियामकांचीसुद्धा. म्हणजे दर वेळी नवी फौज येत नाही, जुनीच जागी होते.

म्हणून डोळ्यांना दिसणारी सूज आणि अस्तरातली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध आपण दुसरीसाठी देतो.

वर्षभरच का, याचं उत्तर तितकं चोख नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आजार शांत झालेल्या मुलांचे दोन गट केले. एकात शांततेनंतर सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेट थांबवलं, दुसऱ्यात बारा महिन्यांनी. दोन वर्षांत दोन्ही गटांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचा आजार परत आला. जवळपास सारखाच आकडा. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. थांबवताना ज्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट पेशी सोडतात ती एमआरपी८/१४ नावाची प्रथिनं जास्त होती, त्यांचा आजार परतण्याचा धोका जास्त. सांधे बाहेरून शांत, आत पेशी कुजबुजत होत्या. त्यामुळे ‘बारा महिने’ हा आकडा दगडावरची रेघ नाही, तुमचे डॉक्टर मूल बघून कमी-जास्त करतील. पण सूज उतरल्याच्या आठवड्यात बाटली कपाटात ठेवायची नाही. आणि मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायलाच आठ ते बारा आठवडे लागतात. तुम्ही आज जो छान गुडघा बघताय तो इंजेक्शनचा आहे, या औषधाचं काम आत्ता कुठे सुरू झालंय.

हे औषध कॅन्सरचं म्हणून घाबरला असाल. संधिवातात त्याची मात्रा फार लहान असते, शरीराच्या दर चौरस मीटरला आठवड्याला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, आणि त्या मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा त्यांच्या आजूबाजूला अ‍ॅडेनोसिन वाढवून त्यांना निवांत करतं. खरा धोका वेगळाच आहे. ‘आठवड्यातून एकदा’ ऐवजी चुकून रोज दिलं जाणं. मग तोंड येतं, रक्तातल्या पेशी पडतात, मूल गंभीर आजारी होतं. वार ठरवा, कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करा, आणि घरात देणारी व्यक्ती एकच ठेवा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कधी द्यायची हेही लिहून घ्या. यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी ठरल्या वेळी करायची, ती टाळायची नाही.

गुळवेलीचं मात्र स्पष्ट सांगतो: नको. भांडणाऱ्यांना आणखी जोर कशाला द्यायचा, हा एक भाग. दुसरा यकृताचा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते मोठे होते, मुलं नव्हती, आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकतही घेतली. पण आधीच यकृतावर नजर ठेवावी लागणारं औषध चालू असताना मी तो धोका माझ्या नातीला घेऊ दिला नसता. आजींना राग येणार नाही अशा बेताने सांगा. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू द्या, त्याला माझी काही हरकत नाही, सकाळी बरंही वाटतं.

रिपोर्टबद्दलही दोन शब्द. एकदोन सांध्यांच्या आजारात ईएसआर आणि सीआरपी, या रक्तातून सूज दाखवणाऱ्या चाचण्या, अगदी नॉर्मल असू शकतात, कारण एका गुडघ्यातला गोंगाट यकृतापर्यंत पोहोचेलच असं नाही. उलट बऱ्याच सांध्यांचा आजार असेल तर आयएल-६ यकृताला हेपसिडिन बनवायला लावतं, ते लोह अडवून धरतं, आणि मग हिमोग्लोबिन ९ वर अडकतं. लोहाचं टॉनिक कितीही पाजा, आतली सूज शमल्याशिवाय ते नीट चढत नाही. आणि एक जुनं दुखणं आमच्याकडे अजून चालतं: मुलाचा सांधा सुजला की एएसओ तपासायचा, तो वाढलेला दिसला की ‘ऱ्हुमॅटिक’ म्हणायचं आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई. एएसओ एवढंच सांगतो की घशात कधीतरी स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेला. शाळेत जाणाऱ्या किती मुलांच्या घशात तो येऊन जात नाही? ऱ्हुमॅटिक तापात सूज एका सांध्यातून दुसऱ्यात उडी मारत जाते आणि काही आठवड्यांत निघून जाते. एकाच गुडघ्यात सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठाण मांडून बसत नाही.

तुमच्या मुलीला लागू नाही, पण शेजारीपाजारी कोणी ‘आमच्या मुलालाही तेच होतं’ म्हणून औषध सुचवेल, म्हणून सांगतो. सगळा बालसंधिवात एक नाही. आपल्याकडे दहा-बारा वर्षांच्या मुलग्यांमध्ये टाचेला, गुडघ्याखाली, कमरेला धरणारा प्रकार बराच दिसतो. त्यात स्नायूंचे दोर हाडाला जिथे जोडलेले असतात तिथे सूज येते आणि एचएलए-बी२७ अनेकदा पॉझिटिव्ह निघतं. लखनऊच्या संजय गांधी संस्थेत या मुलांच्या सांध्यातलं पाणी तपासलं तेव्हा त्यातही इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-१७ वाल्या टी पेशींचा भरणा दिसला.

दुसरीकडे रोज चढणारा ताप, अंगावर येऊन जाणारं गुलाबीसर पुरळ, सुजलेल्या गाठी असा प्रकार आहे. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये लंडनमध्ये मुलांच्या संधिवाताचं जे वर्णन केलं, त्यावरून याला आजही स्टिलचा आजार म्हणतात. तिथे निदान सुरुवातीला तरी टी पेशींपेक्षा मॅक्रोफेज आणि त्यांचं आयएल-१, आयएल-६ पुढे असतं. तो बिघडला तर मॅक्रोफेज बेफाम होतात, फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन हजारोंच्या घरात जातं, प्लेटलेट घसरतात, आणि ईएसआर चक्क खाली येतो, कारण तो वाढवणारं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, संपत असतं. नवख्या डॉक्टरला वाटतं मूल बरं होतंय. तशा मुलाला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं.

मेथोट्रेक्सेटने भागलं नाही तर टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय निघेल. त्यांतलं पहिलं, इटानरसेप्ट, मुलांच्या संधिवातासाठी अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झालं. त्याआधी तुमचे डॉक्टर टीबीची तपासणी सांगतील, छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची चाचणी. हे खर्च वाढवायला नसतं. टीबीचे झोपलेले जंतू ज्या गाठीत कोंडलेले असतात त्या गाठीची भिंत टीएनएफच्याच जोरावर उभी असते. तो अडवला की भिंत ढासळते. आपल्या भागात घरात कोणाला कधी टीबी होऊन गेला असेल तर ते लाजून लपवू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते. डोळे. सात वर्षांखालची मुलगी, थोडे सांधे, एएनए पॉझिटिव्ह: या तीन गोष्टी एकत्र आल्या की डोळ्याच्या पुढच्या भागात आतून सूज यायचा धोका वाढतो. युरोपातल्या मुलांच्या मानाने आपल्याकडे हे कमी दिसतं, पण दिसतं. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. तुम्हाला काही कळत नाही आणि तिला सांगता येत नाही. पेशी डोळ्याच्या पुढच्या पाण्यात तरंगत असतात, अगदी गुडघ्यातल्यासारख्या, आणि त्या फक्त स्लिट लॅम्पच्या उजेडाच्या तिरीपेत धुळीच्या कणांसारख्या दिसतात. दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी, गुडघा कितीही छान असला तरी. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी चालत नाही. अजून एकदाही झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

पळू द्यायचं का? द्या. सुजेच्या काळात मांडीचा स्नायू पटकन वाळतो. टेपने दोन्ही मांड्या गुडघ्याच्या वर सारख्याच अंतरावर मोजून बघा, डावी बारीक भरेल. सायकल, पोहणं, अंगणातली पकडापकडी, सगळं चालेल. आणि ती झोपली असताना दोन्ही पाय सरळ करून टाचा जुळतात का ते बघा. सुजलेल्या गुडघ्याकडे रक्त जास्त जातं, तिथलं हाड भरभर वाढतं आणि तो पाय किंचित लांब होतो. बऱ्याच आयांना हे पहिल्यांदा शाळेच्या लेगिंगवरून कळतं, एक पाय घोट्याच्या वर राहतो. फरक दिसला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, ते मोजून घेतील आणि लागलं तर दुसऱ्या बुटात पातळ तळवा घालायला सांगतील. गुडघा शांत राहिला तर हा फरक बहुतेकदा पुढच्या काही वर्षांत भरून निघतो.